जुन्या डेस्कटॉपला एसएसडी बसवताना : शाळेसाठी आणि घरासाठी एक पाठ



संगणकाची तासिका ३५ मिनिटांची. मुलं रांगेने येतात, आपापल्या गटात बसतात, कोणीतरी बटण दाबतं आणि मग सगळे मिळून पडद्याकडे बघत राहतात. विंडोजचं चिन्ह येतं, गोल गोल फिरणारे ठिपके येतात, डेस्कटॉप दिसतो. पण अजून कशावर क्लिक करून उपयोग नसतो. "सर, ह्यो चालू होयसर घंटा वाजतली!" असं आमच्या कट्ट्यातला सातवीचा एक मुलगा म्हणाला तेव्हा वर्ग हसला. मीही हसलो. पण घरी गेल्यावर कागदावर हिशेब मांडला.

आठवड्याला दोन तासिका, वर्षाचे साधारण ३५ आठवडे, म्हणजे ७० तासिका. प्रत्येक वेळी ५ मिनिटं नुसती वाट बघण्यात गेली, तर ३५० मिनिटं. म्हणजे वर्षाच्या पूर्ण १० तासिका! ज्या मुलाच्या घरी संगणक नाही, त्याच्या वाट्याला वर्षभरात जेवढा वेळ संगणक येतो, त्यातला हा वाटा आहे. हसण्यासारखी गोष्ट नव्हती.

मग प्रश्न येतोच, "सर, नवीनच घेवचो लागतलो काय?" पुष्कळदा नाही. आठ-दहा वर्षांपूर्वीच्या डेस्कटॉपमधला एक भाग बदलला तर तो अजून काही वर्षं चांगलं काम देतो. तो भाग म्हणजे हार्ड डिस्क, आणि तिच्या जागी येते एसएसडी, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह. आजच्या लेखात हे काम का करायचं, कधी करू नये, आणि करताना मुलांची व शाळेची माहिती कशी सांभाळायची ते पाहू.

संगणक नेमका कुठे अडतो?

बाजारातलं एखादं जुनं किराणा दुकान डोळ्यांसमोर आणा. गल्ल्यावर बसलेला मालक हिशेबात पक्का. समोरची फळी लहान, तिच्यावर रोजचं थोडंच सामान मावतं. बाकी सगळं मागच्या गोदामात. गोदामातून आणायला एकच गडी, आणि तो एका फेरीत एकच वस्तू आणतो. गिऱ्हाइकाने वीस वस्तूंची यादी दिली की मालक हातावर हात ठेवून बसणार आणि गडी वीस फेऱ्या मारणार.

संगणकात मालक म्हणजे प्रोसेसर, समोरची फळी म्हणजे रॅम, गोदाम म्हणजे हार्ड डिस्क. जुना संगणक मंद झाला की आपण म्हणतो, "ह्याचा मेंदू जुना झाला." खरं तर बऱ्याचदा मेंदू मोकळाच असतो. गडी गोदामातून परत यायची तो वाट बघत असतो.

हार्ड डिस्कच्या डबीत चकचकीत तबकड्या असतात. डेस्कटॉपमधल्या बहुतेक तबकड्या मिनिटाला ७,२०० फेरे घेतात. त्यांच्यावरून एक बारीक दांडी आत-बाहेर सरकते आणि तिच्या टोकाचं शीर्ष चुंबकीय खुणा वाचतं. ग्रामोफोनची तबकडी आणि सुई आठवा. फरक इतकाच की इथे शीर्ष तबकडीला टेकत नाही, तिच्यापासून अगदी सूक्ष्म अंतरावर तरंगतं. माहितीचा प्रत्येक तुकडा वाचायला दांडीने योग्य वर्तुळावर जायचं आणि तो तुकडा फिरत फिरत खाली येईपर्यंत थांबायचं.

एसएसडीत फिरणारं, सरकणारं काहीच नाही. पेनड्राइव्ह किंवा मोबाइलमधल्यासारख्या चिप असतात आणि माहिती विद्युतभाराच्या रूपात साठवलेली असते. कोणताही तुकडा हवा असला तरी तो जवळपास सारख्याच वेळात मिळतो. जणू गोदामातल्या प्रत्येक कप्प्यापाशी वेगळा गडी उभा आहे.

थोडी आकडेमोड : आठवी-नववीच्या मुलांकडून करून घ्या

७,२०० फेरे मिनिटाला, म्हणजे सेकंदाला १२० फेरे. एका फेऱ्याला १००० ÷ १२० = सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवा तो तुकडा कधी लगेच सापडतो, कधी पूर्ण फेरा थांबावं लागतं. सरासरी अर्धा फेरा धरू, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. दांडी सरकायला आणखी ९ मिलिसेकंद धरा. एकूण झाले १३ मिलिसेकंद. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेले तुकडे वाचायचे असतील, तर हार्ड डिस्क सेकंदाला जेमतेम ७५-८० तुकडे वाचते.

आता समजा, संगणक सुरू होऊन सगळे प्रोग्राम उघडेपर्यंत असे २०,००० विखुरलेले तुकडे वाचावे लागतात.

हार्ड डिस्क : २०,००० × १३ = २,६०,००० मिलिसेकंद = २६० सेकंद, म्हणजे ४ मिनिटं २० सेकंद.

एसएसडी : एका तुकड्याला ०.१ मिलिसेकंद धरलं तर २०,००० × ०.१ = २,००० मिलिसेकंद = २ सेकंद.

प्रत्यक्षात इतका फरक पडत नाही. प्रोसेसरला स्वतःचंही काम असतं, आणि विंडोज काही तुकडे ओळीने लावून एकदम वाचते. पण वेळ कुठे जातो ते या उदाहरणातून मुलांना नीट कळतं. कामाचा वेळ आणि वाट बघण्याचा वेळ यांतला फरक गणिताच्या तासाला यापेक्षा सोप्या उदाहरणाने सांगता येणं कठीण.

जाता जाता थोडा इतिहास. तबकड्यांवर माहिती साठवणारं पहिलं विक्रीचं यंत्र आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये आणलं. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि एवढ्या कपाटाएवढ्या यंत्रात मावत होती सुमारे ५० लाख अक्षरं. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोसुद्धा तेवढी जागा घेतो. एसएसडीत वापरली जाणारी फ्लॅश स्मृती ही जपानमधल्या तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांची १९८० च्या दशकातली देणगी.

खरेदीआधी चार गोष्टी तपासा

१. अडचण डिस्कचीच आहे ना? विंडोज १० असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' वर जा. संगणक रखडलेला असताना डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना चिकटलेला आणि प्रोसेसरचा आकडा कमी दिसला, तर दुखणं डिस्कचं. मेमरी काठोकाठ भरलेली दिसली, तर रॅमही वाढवावी लागेल. २ जीबी रॅमवर नुसती एसएसडी बसवून समाधान होत नाही. निदान ४ जीबी, जमलं तर ८ जीबी हवी. जुन्या मशीनला बहुधा डीडीआर ३ प्रकारची रॅम लागते. आधीची पट्टी काढून दुकानात दाखवणं सर्वांत सुरक्षित.

२. जोडणी कुठली? डबा उघडून हार्ड डिस्कला आलेली केबल पहा. बोटाएवढी अरुंद केबल असेल तर ती साटा जोडणी, काम होईल. चार बोटं रुंद, चपटी रिबीनीसारखी केबल असेल तर मशीन फारच जुनं आहे. त्याच्यावर खर्च करू नका.

३. कुठली एसएसडी घ्यायची? दुकानात दोन आकार दिसतात. एक पत्त्याच्या कॅटएवढी चपटी डबी, ती २.५ इंची साटा एसएसडी. दुसरी च्युइंगमच्या पट्टीसारखी लांबट, तिला एम डॉट टू म्हणतात. जुन्या मदरबोर्डवर दुसरीची जागाच नसते. आपल्याला पहिली हवी. शाळेच्या कामाला २४० किंवा २५६ जीबी पुरते. ओळखीच्या कंपनीची, वॉरंटीची आणि पक्क्या बिलाची घ्या. सोबत साटा डेटा केबल आणि ३.५ इंचाच्या खणात बसवायची पट्टी मागून घ्या. इथून कुडाळ, कणकवली किंवा मालवण गाठायचं आणि पाच रुपयांच्या स्क्रूसाठी दुसरी फेरी मारायची, असं माझं झालेलं आहे.

४. २४० जीबीची एसएसडी संगणकात २२३ जीबी दिसली तर दुकानदाराने फसवलं असं समजू नका. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइट धरते. हा भागाकारही मुलांना करायला द्या.

जुन्या साटा जोडणीची कमाल गती नव्या साटाच्या निम्मी असते, सेकंदाला ३ गिगाबिट. त्यामुळे खोक्यावर छापलेली गती जुन्या मशीनवर मिळणार नाही. तरीही फरक स्पष्ट जाणवतो, कारण आपला वेळ विखुरलेले तुकडे शोधण्यात जात होता आणि नेमका तोच वाचतो.

आधी माहिती वाचवा

इथे माझी एक चूक सांगतो. पहिल्यांदा हे काम मी घरच्या डेस्कटॉपवर केलं. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर करायची होती. त्या एसएसडीवर मी आदल्या दिवशी नवी विंडोज टाकून पाहिली होती. नक्कल करताना 'कुठून' आणि 'कुठे' या दोन ठिकाणी डिस्कची नावं उलटी निवडली. प्रोग्रामने दोनदा विचारलं, "खात्री आहे का?" मी दोनदा हो म्हटलं. नव्या रिकाम्या विंडोजची नक्कल माझ्या भरलेल्या डिस्कवर झाली. तीन वर्षांचे सहलींचे आणि स्नेहसंमेलनांचे फोटो गेले. त्यांची दुसरी प्रत नव्हती.

पुढचे कित्येक दिवस पालक आपापल्या मोबाइलमधून फोटो शोधून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत होते. काही मिळाले, तेही आकाराने लहान झालेले. एका मुलाची आई म्हणाली, "सर, ह्या नाचातलो आमच्या झिलाचो फोटो तुमच्याकडेच होतो." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून नियम सरळ आहे : स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी माहितीच्या दोन प्रती काढा. एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर, दुसरी वेगळ्या ठिकाणी, म्हणजे दुसऱ्या संगणकावर किंवा ऑनलाइन साठ्यात. प्रत काढली एवढ्यावर थांबू नका. दुसऱ्या संगणकावर चार-पाच फाइली उघडून पहा. नेहमी विसरल्या जाणाऱ्या गोष्टी अशा :

– डेस्कटॉपवर आणि डाउनलोड्समध्ये पडलेल्या फाइली. निकालपत्रकं, जनरल रजिस्टरच्या नोंदी, शिष्यवृत्तीच्या याद्या बहुधा तिथेच असतात.

– ब्राउझरमध्ये जतन केलेले पासवर्ड. शासकीय पोर्टलचे पासवर्ड वहीत लिहून घ्या आणि ती वही कुलपात ठेवा.

– जुने मराठी फॉन्ट. हे फार महत्त्वाचं! श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. विंडोजच्या फोल्डरमधल्या 'फॉन्ट्स' मधून त्या फाइली कॉपी करून ठेवा. परवाना घेऊन वापरलेलं सॉफ्टवेअर असेल तर त्याची सीडी किंवा डाँगल शोधून ठेवा. आणि यापुढचं सगळं युनिकोडमध्येच टाइप करा.

– प्रिंटर आणि स्कॅनरचे मॉडेल क्रमांक. नंतर त्यांचे ड्रायव्हर शोधावे लागतात.

नवी प्रणाली की जुन्याची नक्कल?

दोन मार्ग आहेत. नक्कल केली, म्हणजेच क्लोन केलं, तर सगळे प्रोग्राम जसेच्या तसे येतात. क्लोनझिला नावाचं मोफत साधन त्यासाठी आहे. पण जुन्या डिस्कचा आकार एसएसडीपेक्षा मोठा असेल, जसं ५०० जीबीवरून २४० जीबीवर, तर ते साधेपणाने होत नाही. शिवाय वर्षानुवर्षांचा कचरा आणि असलाच तर व्हायरसही सोबत येतो. म्हणून जुन्या मशीनला मी कोरी प्रणाली टाकणं पसंत करतो. त्यात अर्धा दिवस जातो, पण घर नव्याने सारवल्यासारखं होतं.

प्रणाली कुठली, हा प्रश्न आता महत्त्वाचा झाला आहे. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बराच नवा प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आपले २०१०-१५ च्या सुमाराचे डेस्कटॉप त्यात बसत नाहीत. एसएसडी बसवून वेग मिळेल, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत. बँकेचं, शासकीय पोर्टलचं, मुलांच्या माहितीचं काम अशा संगणकावर करणं धोक्याचं आहे.

याला चांगला पर्याय लिनक्स. उबुंटू किंवा लिनक्स मिंट मोफत मिळतं आणि कायदेशीर आहे. लिब्रे ऑफिसमध्ये पत्रं, तक्ते, सादरीकरणं होतात, जिओजेब्राने भूमिती शिकवता येते, लहान मुलांसाठी जीकॉम्प्रिस आहे, आणि इनस्क्रिप्ट कळफलकाने मराठी उत्तम टाइप होतं. फक्त एखादं काम विंडोजवरच चालणारं असेल, तर त्यासाठी शाळेत एक नवं मशीन वेगळं ठेवावं. एसएसडीवर पक्कं बसवण्याआधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहता येतं. प्रिंटर, वायफाय, आवाज चालतोय ना ते तिथेच कळतं.

बसवण्याची कृती

१. संगणक बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा, वायर काढा. मग संगणकाचं सुरू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला भार निघून जाईल.

२. टेबल कोरडं आणि मोकळं असावं. आतल्या भागांना हात लावण्याआधी डब्याच्या उघड्या धातूला स्पर्श करा. अंगावरच्या स्थिर विजेने चिप खराब होऊ शकते. नायलॉनचे कपडे आणि गालिचा टाळा.

३. झाकण उघडल्यावर प्रत्येक केबलचा मोबाइलवर फोटो काढा. नंतर तोच नकाशा.

४. मऊ ब्रशने धूळ काढा. पंखा साफ करताना पाती बोटाने धरून ठेवा. वीज पुरवणारी धातूची पेटी मात्र कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही तिच्यात धोकादायक भार उरलेला असू शकतो. मुलांना हे आवर्जून सांगा.

५. जुन्या हार्ड डिस्कची डेटा केबल आणि वीज केबल दोन्ही काढा. एसएसडी पट्टीत बसवून खणात कसा आणि या केबल तिला लावा. टोकाचा आकार इंग्रजी एल अक्षरासारखा असतो, त्यामुळे ती एकाच बाजूने बसते. जोर लावावा लागत असेल तर बाजू चुकली आहे.

६. नवी प्रणाली टाकताना संगणकाला फक्त एसएसडीच जोडलेली असू द्या. जुनी डिस्क बाहेर टेबलावर असली की चुकूनही पुसली जात नाही. माझ्या चुकीनंतर मी हा नियम मोडलेला नाही.

७. संगणक सुरू करताना एफ २ किंवा डिलीट बटण दाबून बायोसमध्ये जा. साटाचा प्रकार 'आयडीई' असेल तर 'एएचसीआय' करा. हा बदल कोरी प्रणाली टाकण्याआधी करायचा. आधीच टाकलेल्या विंडोजवर तो अचानक केला तर ती सुरू होत नाही.

८. पेनड्राइव्हवरून प्रणाली टाका. विंडोज १० चा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असतो, त्यामुळे डिस्क बदलल्याने तो सहसा जात नाही.

९. सगळं नीट चालल्यावर माहिती परत आणा. जुनी डिस्क निदान महिनाभर तशीच, नाव-तारीख लिहून कपाटात ठेवा. काय विसरलं ते महिनाभरात आठवतंच.

संगणक सुरू केल्यावर दरवेळी तारीख मागे जात असेल आणि ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित म्हणत असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा गोल सेल संपला आहे. डबा उघडलाच आहे तर तोही बदलून टाका.

बसवल्यानंतर

हार्ड डिस्कला आपण डीफ्रॅगमेंट करायचो. एसएसडीला ते करू नये. तुकडे कुठेही असले तरी तिला फरक पडत नाही, उलट विनाकारण लिहिणं वाढतं. विंडोज १० एसएसडी ओळखून तिच्यासाठी योग्य ती सफाई स्वतः करते. थोडी जागा नेहमी रिकामी ठेवा.

"एसएसडी लवकर झिजते म्हणे?" असं पालक विचारतात. तिच्या पेशींवर लिहिण्याला मर्यादा असते हे खरं. पण हिशेब करा. समजा खोक्यावर एकूण ८० टीबी लिहिण्याची हमी आहे आणि रोज १० जीबी लिहिलं जातं. ८०,००० ÷ १० = ८,००० दिवस, म्हणजे जवळपास २२ वर्षं. तेवढ्यात बाकीचं मशीनच थकेल.

खरी भीती वेगळी आहे. हार्ड डिस्क बिघडताना बऱ्याचदा कुरकुर करते, टकटक आवाज करते, आपल्याला सावध करते. एसएसडी कधी कधी काही न बोलता एका दिवसात बंद पडते आणि तिच्यातून माहिती काढणं कठीण जातं. म्हणून वेग वाढला तरी प्रत ठेवण्याची सवय सोडू नये. दर शनिवारी शाळा सुटण्याआधी दहा मिनिटं प्रत काढण्यासाठी ठेवा.

आपल्या कोकणातली काळजी

इथला पाऊस, खारा वारा आणि तांबडी धूळ तिन्ही संगणकाचे शत्रू. पावसाळ्यात संगणक महिना महिना बंद ठेवू नका; आठवड्यातून एकदा तरी तासभर चालवा, आतली ऊब ओल घालवते. डब्याच्या मागच्या उघड्या फटी झाकून घ्या. पाली आणि मुंग्या आत घर करतात, हे ज्याने डबा उघडलाय त्याला सांगायला नको. वीज जाण्याचा त्रास एसएसडीलाही आहे. लिहीत असताना वीज गेली तर फाइली खराब होतात. लहानसा यूपीएस हवाच. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की प्लग आणि नेटची वायर दोन्ही काढून ठेवा.

गणपतीला येणारे चाकरमानी कधी कधी मुंबईच्या ऑफिसातले काढून टाकलेले डेस्कटॉप शाळेला देतात. अशा मशीनमधली डिस्क ऑफिसने काढून घेतलेली असते, आणि मग तो संगणक कोपऱ्यात धूळ खात पडतो. तो टाकाऊ नाही. एक एसएसडी आणि लिनक्स घातलं की एका गटाला पुरेल असा संगणक उभा राहतो.

जुनी डिस्क भंगारात देऊ नका

शाळेच्या डिस्कवर मुलांचे आधार क्रमांक, पालकांच्या पासबुकांच्या प्रती, जातीचे दाखले असतात. फाइल डिलीट केली किंवा झटपट फॉरमॅट मारलं तरी माहिती पुसली जात नाही. फक्त अनुक्रमणिका फाडली जाते, धडे तसेच राहतात. डिस्क चांगली असेल तर माहितीची प्रत ठेवायला ती वापरा. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामने तिची प्रकृती तपासता येते. निरुपयोगी झाली असेल तर तिच्यावर पूर्ण पुनर्लेखन करा. ती चालतच नसेल तर डबी उघडून तबकड्या निकामी करा. मगच ती अधिकृत ई-कचरा संकलनाकडे द्या. ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. गावातल्या भंगारवाल्याकडे असा कचरा उघड्यावर जाळला गेला तर त्यातले विषारी पदार्थ आपल्याच हवेत आणि विहिरीत उतरतात.

एसएसडीने काय होत नाही

नेटची रेंज वाढत नाही. खराब मॉनिटर सुधारत नाही. भारी व्हिडिओ जुना प्रोसेसर अडखळतच दाखवतो. आणि तासिकेला आराखडा नसेल, तर वाचलेली पाच मिनिटंही वायाच जातात. मदरबोर्ड किंवा वीजपेटी वारंवार त्रास देत असेल, तर पैसे त्या मशीनवर घालू नका.

विद्यार्थ्यांसाठी उपक्रम

१. एसएसडी बसवण्याआधी आणि नंतर संगणक सुरू व्हायला, तसंच एखादी फाइल उघडायला लागणारा वेळ घड्याळाने मोजा. प्रत्येक मोजणी पाच वेळा करून सरासरी काढा आणि स्तंभालेख काढा.

२. वाचलेल्या मिनिटांवरून वर्षाच्या किती तासिका वाचल्या ते काढा.

३. बाद झालेली, माहिती नसलेली हार्ड डिस्क शिक्षकांसमोर उघडा. तबकडी, दांडी, चुंबक ओळखा, चित्र काढा, नावं द्या. काही तबकड्या काचेच्या असतात, त्यामुळे त्या वाकवू नका.

४. घरी विचारा : आपल्या कुटुंबाचे सर्वांत महत्त्वाचे फोटो आणि कागद कुठे आहेत? त्यांची दुसरी प्रत आहे का?

चौथा उपक्रम पालकांनी मुलांबरोबर बसून करावा. एसएसडी बसवायला अर्धा दिवस लागतो, दुसरी प्रत काढायला अर्धा तास. आधी तो अर्धा तास द्या. माझ्या वर्गातल्या त्या नाचाचा फोटो मला अजून मिळालेला नाही.